मायेची ऊब, विनामोबदला

अलीकडे गोधडीला बरे दिवस आले आहेत. शहरातल्या हस्तकला प्रदर्शनांतून ती टांगलेली दिसते, बारशाला आणि वास्तुशांतीला भेट म्हणून दिली जाते, तिच्याच टाक्यांच्या उश्या आणि आसने दिवाणखान्यात मांडली जातात. एकेकाळी पाहुणे आले की माळ्यावर ढकलली जाणारी ही चिंध्यांची पांघरुणे आता कौतुकाने पुढे केली जातात, याचे कुणाला वाईट वाटू नये. मलाही वाटत नाही. माझे भांडण आहे ते गोधडीला चिकटवलेल्या चिठ्ठीशी. 'आईच्या मायेची ऊब', 'आजीच्या मायेचे टाके'. गोधडी आली की माया आलीच. आणि माया आली की बाकीचे सगळे प्रश्न विचारणे असभ्यपणाचे ठरते.

मैत्रिणींनो, मराठीतला हा शब्द मोठा लबाड आहे. पुरुषाने 'माया जमवली' म्हणजे पैसा जमवला. बाईने 'माया लावली' म्हणजे फुकट राबली. आणि शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जास्तीचे कापड. ते बाहेरून दिसत नाही, पण शिवण उसवू नये म्हणून तेच कामी येते. बाईच्या श्रमांचे घरात आणि देशाच्या हिशेबात जे होते, ते या तिसऱ्या अर्थासारखे आहे. सगळे त्यावर टिकून असते आणि ते कुणाला दिसत नाही.

एक गोधडी म्हणजे किती काम?

ज्यांनी गोधडी शिवली आहे त्यांना हे सांगायला नको. ज्या फक्त पांघरत आल्या, त्यांच्यासाठी सांगते.

जुनी लुगडी, साड्या, धोतरे, चादरी वर्षभर साठवायच्या. बोहारीण दारात बसून स्टीलचे पातेले दाखवू लागली तरी मोह आवरून त्यातले काही बाजूला ठेवायचे. उन्हाळ्यात, शेतातली कामे जरा सैल झाली की ते सगळे धुऊन वाळवायचे, विरलेला भाग फाडून टाकायचा. वर आणि खाली धड लुगडे, मध्ये तुकड्यांचे थर. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब टाके घालायचे. मग कडेपासून सुरुवात करून चौकोनाच्या आत चौकोन घेत, बोटभर अंतरावर धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे. थर जाड असतील तर सुई बोटात घुसते, म्हणून बोटाला चिंधी गुंडाळायची. हे सगळे जमिनीवर बसून, एक पाय मुडपून, पाठ वाकवून. हजारो टाके होतात. मान धरते, अंगठा आखडतो, चाळिशी उलटलेल्या बाईला दुपार कलली की दोरा ओवता येत नाही.

हे काम कधी होते? स्वयंपाक, पाणी, धुणी, शेत, गुरे, मुले झाल्यावर. म्हणजे ज्याला आपण तिची विश्रांती म्हणतो त्या वेळात. धरून चालू या की ती रोज दोन तास काढते आणि एका गोधडीला तीस दिवस लागतात. म्हणजे साठ तास. आठ तासांची पाळी धरली तर साडेसात दिवसांची मजुरी. आता या साडेसात दिवसांना आपल्या भागातल्या किमान वेतनाचा दर लावा आणि येणारा आकडा कागदावर लिहा. त्यात दोऱ्याचे पैसे मिळवा. आमच्या गटांत हा हिशेब मांडला की बाया आधी हसतात, मग गप्प होतात.

शेजारच्याच एका कामाशी तुलना करून पाहा. गादी भरायला पिंजारी येतो. तो कापूस पिंजतो, गादी भरतो, टाके घालतो आणि मजुरी घेऊन जातो. घासाघीस होते, पण 'तू मायेने गादी भरलीस' असे त्याला कुणी म्हणत नाही. त्याचे काम कष्टाचे आहे आणि त्याला मिळतात ते पैसेही थोडेच आहेत. तरी तो धंदा आहे, त्याला नाव आहे. तेच पांघरूण घरातल्या बाईने शिवले की त्याचा धंदाही होत नाही, श्रमही होत नाहीत. त्याची माया होते.

भेटीची दिशा

'पण ती तर भेट असते. भेटीचे कसले मोजमाप?' असा प्रश्न येतो. मग भेटी कुणाकडून कुणाकडे जातात ते पाहू.

मुलगी बाळंत झाली की माहेरून बाळंतविडा जातो. त्यात दुपटी, कुंची, अंगडी-टोपडी, लहान गोधडी. ती शिवते आई, नाहीतर आजी. मुलीचे लग्न ठरले की रुखवत. त्यात नवरीच्या हातचे अभ्रे, उश्या, आसने, भरतकाम मांडून ठेवायचे आणि वरपक्षाच्या बायकांनी ते निरखायचे. आता पुष्कळ ठिकाणी रुखवत विकत किंवा भाड्याने आणतात, म्हणजे तेवढा खर्चही मुलीच्या बापाच्या माथी. हाताने केले काय किंवा विकत आणले काय, अर्थ एकच: आमची मुलगी कामाची आहे, घ्या. ही खुशीची भेट असती तर दिली नाही म्हणून टोमणे कशाला बसले असते? जी द्यावीच लागते तिला भेट म्हणत नाहीत, तिला देणे म्हणतात.

आणि उलट दिशेने काय येते? सासऱ्याने सुनेसाठी, भावाने बहिणीसाठी, जावयाने सासूसाठी महिनाभर बसून हाताने काही केल्याचे किती जणींना आठवते? पुरुषांना हात नाहीत असे नाही. सुई धरणे हा त्यांचा कमीपणा असेल म्हणावे, तर शिंपी पुरुषच आहेत. पैसे मिळतात तिथे सुई पुरुषाच्या हातात शोभते आणि मिळत नाहीत तिथे ती बाईचा दागिना होते.

क्रमांक ९३

घरातले सोडा, सरकार या कामाला काय म्हणते? आपल्या देशात कोण काम करते आणि कोण करत नाही हे ठरवण्यासाठी राष्ट्रीय नमुना पाहणी होते. तिच्यात प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळतो. फक्त घरकाम करणाऱ्या बाईचा क्रमांक ९२. आणि घरकाम करून शिवाय लाकूडफाटा, भाजीपाला गोळा करणारी, घरच्या वापरासाठी शिवणटिपण, विणकाम करणारी जी बाई, तिचा क्रमांक ९३.

म्हणजे घरच्यांसाठी गोधडी शिवणारी बाई सरकारला ठाऊक आहे. तिच्यासाठी खास रकाना आहे. पण ९२ आणि ९३ हे दोन्ही रकाने श्रमशक्तीच्या बाहेर आहेत. ती शिवते हे लिहून घ्यायचे आणि ती काम करत नाही असा निकाल द्यायचा, हे दोन्ही एकाच पानावर. तीच गोधडी तिने दुकानदारासाठी शिवली तर ती कामगार होते. टाके तेच, पाठ तीच, तास तेच.

२०१३ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने मान्य केले की स्वतःच्या घरासाठी वस्तू आणि सेवा तयार करणे हेही कामच आहे, मग त्याला रोजगार म्हणा वा न म्हणा. आपल्याकडे निदान वेळेची पाहणी झाली. २०१९ च्या पाहणीत घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे दिवसाला २९९ मिनिटे त्यात जात होते आणि असे काम करणाऱ्या पुरुषाचे ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली. ती पुरुषाने उचलली म्हणावे, तर त्याचीही नऊ मिनिटे कमीच झाली.

न्यायालयांना हे काम दिसते, पण केव्हा? बाई अपघातात मेली की. भरपाई ठरवताना गृहिणीच्या कामाला किंमत असते, ते हिशेबात धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली आणि पुन्हा २०२१ साली सांगितले. चांगलेच झाले. पण जिवंतपणी ज्या कामाला मोल नाही त्याला मेल्यावर मोल येते, ते येते नवऱ्याच्या आणि मुलांच्या हातात.

गोधडी मुलीला, जमीन मुलाला

आता मुख्य मुद्द्याकडे येते. गोधडी ही माहेरची आठवण, असे आपण म्हणतो. आईच्या लुगड्याची गोधडी लेकीकडे असते, ती जपून ठेवते. आणि आईच्या घराचे, बापाच्या जमिनीचे काय?

महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हिस्सा दिला, पण त्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढून टाकला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क मुलीला जन्माने मिळतो, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. कायदा आता पुरेसा स्वच्छ आहे. तरीही गावागावांत काय घडते? वडिलांचे दिवस झाले की भाऊ बहिणीला घ्यायला येतो. आदराने नेतो, साडीचोळी करतो, आणि मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर तिची सही किंवा अंगठा घेतो. त्या कागदावर ठरलेले शब्द असतात: स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला.

विनामोबदला. हा शब्द नीट ऐका. गोधडीच्या चिठ्ठीवर तो 'माया' म्हणून येतो, पाहणीत तो ९३ म्हणून येतो आणि कचेरीत तो आपल्या खऱ्या नावाने येतो. ज्या मुलीला लहानपणापासून शिकवले की तुझ्या हातचे सगळे मायेपोटी द्यायचे असते, हिशेब मांडला तर नाते तुटते, ती हक्कसोडपत्रावर सही करताना अडणार कशी? जमिनीचा हिस्सा मागितला तर माहेर तुटेल ही तिची भीती खरी आहे. सासरी मार पडला तर परत यायला तेवढे एकच दार असते. ते उघडे राहावे म्हणून ती घराचा हिस्सा देऊन टाकते. सह्या करून आलेल्या बायांना मी विचारते, काय मिळालं? उत्तर ठरलेले: 'भावानं साडी नेसवली, वहिनीनं वाकळ दिली.'

या उत्तराला हसू नका. वाकळ खरी आहे, वहिनीचे कष्टही खरे आहेत. पण त्या वहिनीचाही तिच्या माहेरचा हिस्सा असाच गेलेला असतो. दोन बायका, दोघींचे हिस्से सुटलेले, आणि मध्ये एक वाकळ. सातबाऱ्यावर नाव दोघींचेही नाही. ज्या मुसलमान बहिणींना त्यांच्या कायद्याने भावाच्या निम्मा का होईना वाटा आहे, त्यांच्याकडूनही तो याच गोडव्याने सोडवून घेतला जातो.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला होता. शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करावी असे आवाहन होते आणि अनेक गावांत ते झाले. त्याच्या मर्यादा होत्या. जमीन नवऱ्याच्या मर्जीने मिळत होती, आणि मर्जी म्हणजे पुन्हा भेटच. तरी बाईचे नाव कागदावर आले. २०२४ साली सरकारने बहिणीला लाडकी म्हणून महिना पंधराशे रुपये द्यायला सुरुवात केली. बाईच्या हातात येणारा पैसा मी कधीच वाईट म्हणणार नाही, ज्या घरात औषधाला पैसे नव्हते तिथे तो आला आहे. पण लाडक्या बहिणीला ओवाळणी मिळते आणि हक्काच्या बहिणीला हिस्सा. आपल्याला कोणती बहीण व्हायचे आहे, हे आपण ठरवायचे आहे.

बाजारात माया स्वस्त

'मग गोधड्या विका, बचत गटातून रोजगार मिळेल' हा सोपा सल्ला आता सगळीकडे मिळतो. घरात फुकट असलेले काम बाजारात गेले की त्याला भाव येईल, ही समजूत चुकीची आहे. घरात ते फुकट आहे म्हणूनच बाजारात ते स्वस्त आहे. व्यापारी म्हणतो, 'ताई, नाहीतरी दुपारी बसूनच असता ना?' दर नगावर ठरतो, तासावर नाही. दोरा, उजेड, जागा बाईची. टाका वाकडा गेला तर नग परत. आणि दुकानात त्याच गोधडीवर पुन्हा चिठ्ठी: मायेची ऊब. किंमत मायेची वसूल होते, पण जिची माया तिच्यापर्यंत ती पोचत नाही.

अहमदाबादच्या दर्यापूर भागातल्या मुसलमान बायकांची गोष्ट यासाठी आपल्या गटांत सांगितली पाहिजे. गिरण्यांच्या चिंध्या व्यापारी त्यांना देत आणि त्या घरी बसून रजईच्या खोळी शिवत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'सेवा' संघटनेच्या मदतीने त्यांनी दर वाढवून मागितला, तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणेच बंद केले. मग त्यांनी स्वतः चिंध्या मिळवून 'सबीना' नावाची आपली सहकारी संस्था काढली. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या काळ्या बायकांनी १९६६ साली, मतदानाच्या हक्काच्या लढ्याच्या काळात, गोधड्यांची सहकारी संस्था उभी केली, तीही याच गरजेतून. त्याच भागातल्या गीज बेंड गावच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयात लागल्या, जगाने वाहवा केली. आणि २००७ साली तिथल्या काही बायकांना, आमच्या कामातून झालेल्या कमाईचा आमचा वाटा कुठे आहे, म्हणून कोर्टात जावे लागले. वाहवा आणि वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. त्यांना इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, असे तो सांगतो. भारताने त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेले नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी बसून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली आहे. व्याख्येने नगाचा दर वाढत नाही. तो वाढतो बाया एकत्र बसून दर ठरवतात तेव्हा.

आपल्याच घरात

आता थोडे आपल्याविषयी. आठ मार्चच्या कार्यक्रमात आपण मंचामागे गोधडी लावतो. पाहुणीचा सत्कार गोधडीच्या पिशवीने किंवा उशीने करतो. भाषणात म्हणतो, गोधडी म्हणजे भगिनीभाव, वेगवेगळे तुकडे एका धाग्यात. ऐकायला छान वाटते. पण ती उशी ज्या गटातल्या बाईने शिवली तिला आपण काय दर दिला? 'संस्थेसाठी आहे, थोडं कमी लावा' असे आपणच म्हणतो ना? संस्था बायकांची आहे म्हणून बायकांचे श्रम स्वस्तात घ्यायचे, हे कुटुंबाचेच तर्कशास्त्र झाले.

दुसरे म्हणजे, मुलींसाठी प्रशिक्षण म्हटले की आपले हात पुन्हा शिवण, भरतकाम, उश्या यांच्याकडेच का वळतात? जिला शिवायचे आहे तिने शिवावे. पण सातबारा कसा वाचायचा, फेरफार नोंदीवर हरकत कशी घ्यायची, वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे काय द्यायचे, हे शिकवायला तीन दिवसांचे शिबिर पुरते. ते आपण किती घेतले?

'मग तुम्हाला घराघरांत हिशेबाची वही हवी का? आईने नातवाला दुपटे शिवायचे नाही का?' शिवावे, जरूर शिवावे. बाईच्या हातात कला आहे, रंगांची जाण आहे, आणि अनेकींना दिवसभरात स्वतःचा म्हणून तेवढाच एक तास मिळतो. तो मला हिरावून घ्यायचा नाही. माझे म्हणणे एवढेच की प्रेम मोजता येत नसले तरी तास मोजता येतात. हिशेब मांडल्याने प्रेम मरत असते तर भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर एकही भाऊ दुसऱ्याशी बोलला नसता. पुरुष मोजणी आणून बांध घालतात आणि तरी दिवाळीला एकत्र जेवतात. हिशेबाने नाते तुटते, ही भीती फक्त बायकांना घातली जाते.

आणि भेट ही भेट केव्हा असते? नाही म्हणता येते तेव्हा. जिच्या नावावर काहीच नाही, जिला न देण्याची मुभा नाही, तिचे देणे कितीही मऊ असले तरी त्याला सक्तीची शिवण असते.

म्हणून काही गोष्टी करू या. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या एका गोधडीचे, दुपट्याचे किंवा उशीचे तास आठवून लिहावेत आणि त्यांना किमान वेतनाचा दर लावावा. गटाने तासावर आधारलेला दर ठरवून फळ्यावर लिहावा आणि संस्थांनी, आपल्या संस्थांनी आधी, त्यात घासाघीस करू नये. पाहणीचे लोक आले आणि 'काय करता?' म्हणून विचारले तर 'काही नाही, घरीच असते' हे उत्तर देणे बंद करावे, सगळी कामे सांगावीत आणि लिहून घ्यायला लावावीत. शिवण मुलग्यांनाही शिकवावे, रुखवताचे टेबल मांडू नये. आणि हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावणे आले तर एकटीने जाऊ नये. आधी सातबाऱ्याचा उतारा काढावा, गटात वाचावा, वकिलाला दाखवावा. तरीही कुणाला हिस्सा सोडायचाच असेल तर तो तिचा निर्णय, पण काय सोडते आहोत हे गुंठ्यांत तिला ठाऊक असले पाहिजे.

आईने लेकीला गोधडी जरूर द्यावी. फक्त तिच्या घडीत वारसनोंदीच्या अर्जाची एक प्रतही ठेवावी.